हलक्या छपराखाली माळवदाचा गारवा
(उन्हाळ्याच्या उसंतीत घरच्या टाकाऊ वस्तूंतून करावयाची कामे)

रब्बीची ज्वारी खळ्यातून घरात आली, हरभरा निघाला आणि तुरीच्या तुराट्या बांधावर रचून झाल्या, म्हणजे परभणी जिल्ह्यातील शेतकरी कुटुंबास थोडी उसंत मिळते. नांगरटीची व खत पसरण्याची कामे पहाटे उरकतात. मुलांच्या शाळांस सुट्टी लागते. लेकी माहेरी येतात, पाहुणे येतात आणि वर्षात क्वचितच एकत्र बसणारे घर दोन महिने एकत्र असते. परंतु याच दिवसांत पारा ४२ अंशांच्या पुढे जातो आणि दुपारी बारा ते चार या वेळेत घरात बसणे बाहेर उन्हात असण्याइतकेच जड होते. ज्या वेळी सारे कुटुंब घरात असते, नेमक्या त्याच वेळी घर राहण्याजोगे नसते, ही या हंगामातील मोठी अडचण आहे. लहान मुले, वृद्ध, गरोदर स्त्रिया आणि दुपारी चुलीपुढे बसणारी गृहिणी यांच्या प्रकृतीशी तिचा थेट संबंध आहे.

ही अडचण विकतच्या यंत्रावाचून पुष्कळ अंशी दूर करता येते. त्यासाठी लागणारे बहुतेक साहित्य घराच्या मागील बाजूस, गोठ्याच्या कोपऱ्यात किंवा बांधावर पडलेलेच असते. रिकामी बारदाने, तुराट्या, पडक्या भिंतीच्या विटा, पाझर बंद झालेले माठ, जुनी लुगडी व धोतरे, झिजलेली टायरे, अंबाडीच्या दोरांचे तुकडे यांपासून काय करता येईल, कोणत्या क्रमाने करावे आणि कोणत्या टाकाऊ वस्तूस घरात मुळीच थारा देऊ नये, याची माहिती पुढे दिली आहे.

माळवद गेले, पत्रा आला

मराठवाड्याची जुनी घरे माळवदाची असत. जाड भिंतींवर तुळया, त्यांवर लाकडी फळ्या किंवा काड्या, त्यांवर पाला आणि सर्वांत वर हातभर किंवा त्याहूनही जाड पांढऱ्या मातीचा थर, अशी ही रचना होती. दिवसभराचे ऊन हा थर हळूहळू पिऊन घेई आणि ती उष्णता खाली उतरेपर्यंत सूर्य मावळलेला असे. म्हणूनच माळवदाखाली भर दुपारीही गारवा राही.

तथापि या छपराचे वजन फार होते. गळती थांबविण्यासाठी दर काही वर्षांनी त्यावर नवी माती पडे आणि वजन वाढत जाई. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा लातूर आणि तत्कालीन उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यांत हजारो माणसे झोपेत दगावली. मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि त्यांवरील जड माळवद कोसळणे हे या मनुष्यहानीचे मुख्य कारण होते. तेव्हा गारव्यासाठी छपरावर पुन्हा माती चढविण्याचा विचार कोणी करू नये.

आज खेड्यांतील अनेक घरांवर लोखंडी पत्रा आहे. तो हलका आहे, स्वस्त आहे आणि भूकंपाच्या दृष्टीने जड माळवदापेक्षा बरा आहे. परंतु पत्र्याची जाडी नखाएवढीही नसल्याने उष्णता अडविण्याचे सामर्थ्य त्याच्या अंगी नाही. नवा चकचकीत पत्रा ऊन परतवितो खरा, पण जी उष्णता तो घेतो ती आकाशाकडे सहज सोडत नाही. गंज चढल्यावर तर तो ऊनही अधिक शोषू लागतो. दुपारी असा पत्रा तव्यासारखा तापतो आणि त्याची धग थेट खाली बसलेल्या माणसाच्या डोक्यावर येते. म्हणून प्रश्न असा मांडावयास हवा: छप्पर हलकेच ठेवून माळवदाचा गारवा कसा आणावा? याचे उत्तर तीन गोष्टींत आहे. ऊन घरावर पडण्याआधी अडवावे, पडलेले ऊन परतवावे आणि आत आलेल्या वाऱ्यास पाण्याने निववावे.

पहिले काम : तुराट्यांचा मांडव

घराची पश्चिमेकडील भिंत दुपारनंतर सर्वांत जास्त तापते. म्हणून मांडव घालताना प्रथम पश्चिमेकडे लक्ष द्यावे. भिंतीपासून तीन ते चार हात अंतरावर जुने बांबू, बल्ल्या किंवा निकामी लोखंडी नळ पक्के रोवावेत. तुराट्या सरळ करून, पाने व शेंगांचा कचरा झटकून, दोन कामट्यांमध्ये दाबून अंबाडीच्या दोराने त्यांच्या ताट्या बांधाव्यात. अशा ताट्या वर आडव्या घातल्या म्हणजे मांडव होतो आणि पश्चिमेस उभ्या बांधल्या म्हणजे तिरपे ऊनही अडते. ताटी आणि भिंत यांमध्ये वारा खेळता राहील इतकी जागा सोडणे आवश्यक आहे. भिंतीस चिकटविलेली ताटी तापून तीच उष्णता भिंतीस देते.

या कामी कपाशीच्या पऱ्हाट्या वापरू नयेत. पऱ्हाट्यांवर राहिलेल्या किडक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून राहते आणि पुढील हंगामात तिचे पतंग नव्या पिकावर जातात. २०१७ च्या खरिपात या अळीने महाराष्ट्रातील कपाशीचे किती नुकसान केले, हे जिल्ह्यातील कापूस उत्पादकांच्या स्मरणात आहे. अंगणात पऱ्हाट्यांचा मांडव म्हणजे आपल्याच शेतासाठी किडीचे कोठार होय. पऱ्हाट्यांची वेळीच कुट्टी करून त्या कुजवाव्यात. सावलीसाठी तुराट्याच बऱ्या.

वाळलेल्या काड्यांस आग लवकर लागते. म्हणून मांडव चुलीपासून व विजेच्या तारांपासून दूर असावा आणि त्याखाली विडी ओढू नये. वैशाखातील वावटळीत मांडव उडून कोणास इजा होऊ नये, यासाठी चारही कोपरे खुंट्यांस ताणून बांधावेत.

दुसरे काम : पत्र्यास चुना, पत्र्याखाली बारदान

पांढरा रंग ऊन परतवितो हे सर्वांस ठाऊक आहे. चुन्याचा विशेष असा की, तो ऊन परतवितो आणि पत्र्याने घेतलेली उष्णताही लवकर बाहेर सोडतो. अहमदाबाद शहरात २०१० च्या उष्णतेच्या लाटेनंतर २०१३ मध्ये उष्णतेपासून बचावाचा आराखडा करण्यात आला आणि पुढे गरीब वस्त्यांतील छपरांना पांढरा लेप देण्याचे काम त्यात घेण्यात आले. शहरासाठी जे योग्य ठरले ते खेड्यासाठीही योग्यच आहे.

विरविलेला चुना जाड कापडातून गाळून दुधापेक्षा थोडा दाट करावा. तो पत्र्यास धरून राहावा म्हणून त्यात थोडा भिजविलेला डिंक किंवा भाताची पेज मिसळावी. पत्रा प्रथम झाडून व धुऊन घ्यावा. लांब बांबूस जुना कुंचा बांधून, सकाळी पत्रा थंड असताना पातळ असे दोन हात द्यावेत. पत्र्याच्या मध्यावर पाय देऊ नये; शिडीवरून काम करावे आणि वर जाणे भागच पडल्यास वाशांवर टेकणारी फळी टाकावी. चुना डोळ्यांत गेल्यास डोळा निकामी होण्याचा संभव असतो, म्हणून डोळ्यांवर चष्मा व हातांवर कापड बांधावे आणि मुलांस दूर ठेवावे. हा लेप पावसात धुऊन जातो. त्यामुळे तो दर वर्षी पाडव्याच्या सुमारास द्यावा लागतो.

सिमेंटचे जुने पन्हळी पत्रे असल्यास ते घासू, कापू किंवा फोडू नयेत. जुन्या सिमेंट पत्र्यांत ॲस्बेस्टॉसचे तंतू असतात आणि त्यांची धूळ फुप्फुसांस अपायकारक असते. अशा पत्र्यावर हलक्या हाताने चुना लावण्यास हरकत नाही.

आतील बाजूस बारदानाचे छत करावे. धान्याची रिकामी तागाची पोती उसवून, धुऊन, उन्हात वाळवून एकमेकांस शिवावीत आणि पत्र्याखाली एक वीत अंतर सोडून ताणलेल्या दोऱ्यांवर बांधावीत. पत्र्याची धग थेट अंगावर येणे त्यामुळे थांबते. पत्रा व बारदान यांमध्ये साचलेली गरम हवा निघून जावी म्हणून दोन्ही टोकांस वळचणीजवळ फटी मोकळ्या ठेवाव्यात. स्वयंपाकाच्या खोलीत चुलीवर असे छत करू नये. आठवड्यातून एकदा काठीने झटकून उंदीर, विंचू यांनी आसरा घेतला नाही ना, हे पाहावे.

तिसरे काम : दारास ओला पडदा

पाणी वाळते तेव्हा ते भोवतालची उष्णता घेऊन जाते. ही उष्णता किती असते हे एका हिशेबाने समजेल. एक लिटर पाण्याची वाफ होताना जेवढी उष्णता खर्ची पडते, तेवढी उष्णता काढून घेतली तर सुमारे ५८ लिटर पाणी १० अंशांनी थंड होईल. पंधरा लिटरचा माठ थंड होण्यास त्याच्या अंगातून पाव लिटरच्या आसपास पाणी वाळणे पुरेसे ठरते. बाहेरची उष्णता सतत आत येत असल्याने प्रत्यक्षात ते थोडे अधिक लागते.

याच तत्त्वावर वारा येणाऱ्या दारास किंवा खिडकीस बारदानाचा पडदा लावावा. पडद्याच्या वरच्या कडेस बुडाशी बारीक छिद्रे पाडलेला खाद्यतेलाचा पत्र्याचा डबा टांगला म्हणजे थेंब थेंब पाणी झिरपत राहते. छिद्रांत सुताची वात घातल्यास पाणी वाया जात नाही. खाली ठिबकणारे पाणी जुन्या पातेल्यात धरून पुन्हा डब्यात ओतावे. समोरच्या भिंतीतील खिडकी उघडी असणे अगत्याचे आहे, कारण वारा आरपार गेला नाही तर खोली गार होण्याऐवजी दमट होते. विजेची बटणे व तारा या पडद्यापासून दूर असाव्यात.

पाणी हे मराठवाड्याचे दुखणे आहे. २०१६ च्या उन्हाळ्यात शेजारच्या लातूर शहरास मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. सबब पडद्यासाठी पिण्याचे पाणी खर्च करू नये. भाज्या, डाळ व तांदूळ धुतलेले पाणी गाळून वापरावे. ज्या गावी तेवढेही पाणी सुटे नाही, तेथे पडद्याचे काम सोडून द्यावे आणि मांडव व चुना यांवरच भर द्यावा. ती दोन्ही कामे पुढे थेंबभर पाणी मागत नाहीत. पावसाळा लागून हवा दमट झाली म्हणजे ओला पडदा निरुपयोगी होतो, तो काढून वाळवून ठेवावा.

चौथे काम : विटा व वाळूचा शीतकक्ष

भाजीपाला थंड ठेवणारा, वीज न लागणारा शीतकक्ष दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने १९८० च्या दशकात विकसित केला. त्याची रचना साधी आहे. विटांचा ओटा करावा. त्यावर विटांच्या दोन भिंती, एकीच्या आत एक, अशा उभाराव्यात. दोहोंमध्ये साडेसात सेंटिमीटर, म्हणजे सुमारे चार बोटे, जागा सोडून ती नदीच्या वाळूने भरावी. संस्थेच्या नमुन्यात ओटा १६५ सेंटिमीटर लांब व ११५ सेंटिमीटर रुंद असून भिंतींची उंची ६७.५ सेंटिमीटर आहे. घरगुती वापरासाठी आतील जागा दोन हात लांब, एक हात रुंद व हातभर खोल ठेवली तरी पुरे होते.

विटा नव्या घेण्याचे कारण नाही. पडक्या भिंतीच्या विटा, अर्धुके देखील, चालतात. मात्र त्या भाजलेल्या असाव्यात आणि त्यांस सिमेंटचा लेप नसावा, कारण लेप असल्यास पाणी झिरपत नाही. विटा मातीतच रचाव्यात, म्हणजे पुढे मोकळ्या करून दुसऱ्या कामी लावता येतात. बांबूच्या कामट्यांच्या चौकटीवर बारदान शिवून झाकण करावे. कक्ष मांडवाखाली, वारा लागेल अशा जागी असावा. पहिल्या दिवशी वाळू, विटा व झाकण पूर्ण भिजवावे. नंतर सकाळी व सायंकाळी वाळू ओली राहील इतकेच पाणी शिंपडावे.

कडक उन्हाळ्यात अशा कक्षातील तापमान बाहेरच्यापेक्षा १० ते १५ अंशांनी कमी राहते. उघड्यावर दिवसभरात कोमेजणारी मेथी, चुका किंवा कोथिंबीर येथे दोन-तीन दिवस टवटवीत राहते. भाजी पिकविणाऱ्या शेतकऱ्यास याचा दुहेरी लाभ आहे: सायंकाळी काढलेली भाजी सकाळच्या बाजारापर्यंत ताजी राहते आणि पडेल भावाने विकण्याची घाई करावी लागत नाही. शिजविलेले अन्न व दूध मात्र यात ठेवू नये. ओलाव्यात ते लवकर नासते.

जुन्या माठाचे दुसरे आयुष्य

अक्षय्य तृतीयेस नवे मातीचे भांडे पाण्याने भरून पूजण्याची रीत आहे. नवा माठ आला म्हणजे जुना मोडीत निघतो. जुन्या माठात पाणी थंड होत नाही, याचे कारण विहिरीच्या व विंधन विहिरीच्या पाण्यातील क्षार त्याच्या बारीक छिद्रांत साचतात. काथ्याने आतून-बाहेरून घासून दोन दिवस कडक उन्हात ठेवल्यास पुष्कळ माठ पुन्हा पाझरू लागतात. पिण्यास नकोसा झालेला पण पाझरणारा माठ परसबागेत गळ्यापर्यंत पुरावा, त्याभोवती दुधी, कारली किंवा टोमॅटोची रोपे लावावीत आणि माठ भरून तोंडावर झाकण ठेवावे. मुळांस हवे तेवढेच पाणी झिरपते व वरची जमीन कोरडी राहिल्याने तणही कमी येते. फुटक्या माठाचे बूड पक्ष्यांच्या पाण्यासाठी कडुनिंबाखाली ठेवावे. ते रोज घासून पुन्हा भरणे हे काम घरातील मुलाकडे सोपवावे.

या टाकाऊ वस्तूंस घरात थारा नको

काटकसर हा गुण आहे, परंतु काही वस्तूंबाबत ती प्राणावर बेतते. कीटकनाशकांच्या बाटल्या, डबे व कॅन कितीही धुतले तरी पाणी, तेल, धान्य किंवा जनावरांची पेंड यांसाठी वापरू नयेत. प्लॅस्टिकमध्ये व पत्र्याच्या सांध्यांत मुरलेले विष धुऊन जात नाही. या डब्यांवर रंगीत त्रिकोणी चिन्ह असते. लाल म्हणजे अतिशय विषारी, पिवळा म्हणजे फार विषारी, निळा म्हणजे मध्यम आणि हिरवा म्हणजे सौम्य विषारी. हिरवा त्रिकोण म्हणजे निर्धोक, असा अर्थ मुळीच नाही. रिकामा डबा तीन वेळा विसळून ते पाणी फवारणीच्या पंपातच ओतावे आणि डब्यास भोके पाडून तो निकामी करावा, म्हणजे कोणीही तो नकळत पुन्हा वापरणार नाही.

बीजप्रक्रिया केलेल्या बियाण्याच्या पिशव्या व त्यांतील रंगीत दाणे मुलांच्या हाती देऊ नयेत. खतांच्या पोत्यांवर कुरडया-पापड वाळवू नयेत. ती मांडवाच्या कडेस किंवा कडब्याच्या गंजीवर आडोशासाठी वापरावीत. वाळवणास जुने स्वच्छ धोतर किंवा लुगडे उत्तम. यंत्राच्या तेलाचे डबे पडद्याच्या पाण्यासाठीही घेऊ नयेत. कोणी चुकून विषाच्या डब्यातील काही प्याल्यास ओकारी काढण्याच्या खटपटीत वेळ न दवडता १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी व डब्यावरील चिठ्ठी डॉक्टरांस दाखवावी.

गार ओसरीवरची दुपार

एवढी कामे झाली म्हणजे ओसरी दुपारी बसण्याजोगी होते. तिचा उपयोग काय करावा, हेही ठरवून घेणे बरे. स्वयंपाक सकाळी लवकर उरकून गृहिणीने बारानंतर चुलीपुढे बसू नये. दुपारी ज्वारीची आंबील, ताक किंवा पन्हे घ्यावे. आंबिलीसाठी रात्री ज्वारीचे पीठ ताकात भिजवावे, सकाळी पाण्यात शिजवून मीठ, जिरे व ठेचलेला लसूण घालावा आणि मडक्यात निवू द्यावी. पोट भरते, अंगातले मीठ-पाणी टिकते आणि विकतच्या रंगीत पेयांवरचा खर्च वाचतो.

मुलांसाठी जुन्या लुगड्याचा सारीपाट शिवावा. मध्यभागी एक चौक ठेवून चारही दिशांस एकेक पट्टी घ्यावी. प्रत्येक पट्टीत आठ घरांच्या तीन ओळी, म्हणजे चार पट्ट्यांत मिळून ९६ घरे होतात. ही घरे आखण्यात व शिवण्यात मुलींइतकाच मुलांनीही हात घालावा. पाढे आणि मापे खेळता खेळता पक्की होतात. सोंगट्या लाकडाच्या तुकड्यांच्या कराव्यात, चारही रंगांच्या चार-चार मिळून १६. कवड्या नसल्या तर सहा चिंचोके एका अंगाने घासून पांढरे करावेत. चिंचोके व सागरगोटे रांगत्या मुलाच्या हाती लागू देऊ नयेत. घशात अडकण्याचा धोका असतो. आजीने या वेळी नातवंडांस गोधडीचे टाके शिकवावेत, आजोबांनी अंबाडीचा दोर वळून सैल झालेली बाज पुन्हा विणावी आणि ती विणता विणता जुन्या दुष्काळांच्या व पुरांच्या आठवणी सांगाव्यात. गावाची ही माहिती कोणत्याही दप्तरात लिहिलेली नसते.

झोक्याने नागपंचमीचीच वाट पाहावी असे नाही. ट्रॅक्टरचे किंवा मोटारसायकलचे जुने टायर चिंचेच्या जाड फांदीस बांधून उत्तम झोका होतो. दोर प्रथम दोन मोठ्या माणसांनी लोंबकळून पारखावा. टायरच्या तळाशी तीन-चार भोके अवश्य पाडावीत, कारण टायरमध्ये साचलेल्या पाण्यात डेंग्यूचा प्रसार करणारे डास अंडी घालतात. पाण्याचे सर्व हौद व रांजण आठवड्यातून एक दिवस रिकामे करून कोरडे करावेत, याचेही कारण हेच.

अंगणातली रात्र

रात्री अंगणात बाजा टाकल्या म्हणजे वर आकाशाचा पट खुला असतो आणि त्यास पैसा पडत नाही. मे महिन्यात रात्री नऊच्या सुमारास उत्तरेकडे तोंड करावे. उंचावर सप्तर्षी दिसतात. त्यांच्या शेपटीची कमान तशीच पुढे वाढविली म्हणजे केशरी झाक असलेला तेजस्वी स्वाती आणि त्याही पुढे दक्षिणेकडे पांढरा-निळसर चित्रा सापडतो. ध्रुव शोधण्यासाठी हात लांब करून क्षितिजावर वीत उभी धरावी. परभणी सुमारे १९ अक्षांशांवर असल्याने ध्रुव तेवढ्याच अंशांवर, म्हणजे विताच्या टोकाजवळ असतो. रात्र चढल्यावर आग्नेयेकडून वृश्चिक वर येतो व त्यातील तांबूस ज्येष्ठा ओळखू येते. ‘रोहिणी लागली’ असे शेतकरी २५ मेच्या सुमारास म्हणतो, तेव्हा सूर्य रोहिणी नक्षत्रात असतो. म्हणूनच त्या दिवसांत रोहिणीचा तारा रात्री कोठेही दिसत नाही, ही गोष्ट मुलांस आकाश दाखवूनच समजवावी. बापाच्या पेरणीचे पंचांग आणि मुलाच्या शाळेचा भूगोल यांची भेट अशी अंगणातच होते.

कार्यकर्त्यांसाठी सूचना

२ ऑक्टोबर १९५२ रोजी देशात सामुदायिक विकास कार्यक्रम सुरू झाला, तेव्हापासून गावपातळीवरील कार्यकर्त्यांचा अनुभव असा की, सांगण्यापेक्षा दाखविणे अधिक पटते. म्हणून प्रथम एकच घर निवडावे. शक्यतो अंगणवाडी, शाळा किंवा वृद्ध व लहान मुले असलेले पत्र्याचे घर घ्यावे. चावडीपुढे पत्र्याचे दोन सारखे तुकडे उन्हात मांडावेत, एकास चुना लावलेला असावा. दुपारी दोन वाजता दोहोंखालील तापमान तापमापीने मोजून फळ्यावर लिहावे. दोन्ही आकडे गावकऱ्यांनी स्वतः वाचावेत. मांडव घातलेल्या व न घातलेल्या घरांचे आकडेही आठवडाभर तसेच लिहून ठेवावेत.

कामांचा क्रम सणांवर बांधल्यास लक्षात राहतो. होळीनंतर तुराट्यांच्या ताट्या व मांडव. पाडव्यास चुना व बारदानाचे छत. अक्षय्य तृतीयेपर्यंत शीतकक्ष, पडदा व माठ. आणि रोहिणीत ताट्या उतरवून कोरड्या जागी ठेवणे, टायरे व फुटकी भांडी तपासणे. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाची स्थापना १८ मे १९७२ रोजी झाली आणि त्या दिवशी भरणाऱ्या खरीप मेळाव्यास जिल्ह्यातील शेतकरी येतात. विद्यापीठाच्या सामुदायिक विज्ञान महाविद्यालयात गृहव्यवस्थेच्या विषयांचे शिक्षण दिले जाते. तेथे जाणाऱ्या शेतकऱ्यांनी केवळ बियाण्याची चौकशी करून परतू नये, घरच्या स्त्रियांनाही बरोबर न्यावे.

उष्माघाताची खूण कार्यकर्त्यांनी प्रत्येक घरात समजावून सांगावी. अंग भाजल्यासारखे तापणे आणि माणूस असंबद्ध बोलू लागणे किंवा बेशुद्ध होणे, ही ती खूण होय. अशा रोग्यास सावलीत न्यावे, कपडे सैल करावेत, सर्वांगावर पाणी शिंपडून वारा घालावा आणि १०८ क्रमांकास कळवावे. शुद्ध नसताना तोंडात पाणी घालू नये.

पत्र्याच्या घराने जुन्या माळवदाचा धोका घालविला, पण गारवाही घालविला. धोका परत न आणता गारवा परत आणणे शेतकरी कुटुंबाच्या हाती आहे. त्यासाठी लागतात बांधावरच्या तुराट्या, घमेलेभर चुना, काही रिकामी पोती आणि घरातील सर्वांचे चार दिवसांचे हात. या वर्षी ज्या घरी हे काम होईल, त्या घरची म्हातारी माणसे व तान्ही मुले वैशाखाची दुपार सुखाने काढतील, आणि मृगाच्या पहिल्या सरीस सारे घर ताज्या अंगाने पेरणीस उभे राहील.